ग्लुटेन-फ्री केक नुसतं पीठ बदलून होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत ओट्सच्या ग्लुटेन-फ्री, म्हणजे गहू, बार्ली अशा धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रोटीन नसलेल्या, केकची रेसिपी आली होती, आणि सोबत लिहिलं होतं की ऑफिसात कुणाला गहू चालत नसेल तर त्यांच्यासाठी हा केक करून न्या. कल्पना मला मनापासून आवडली आणि म्हणूनच लिहायला बसले. कारण त्या रेसिपीत ओट्स कोणते घ्यायचे ते दिलेलं नाही, बेकिंग पावडरबद्दल एक शब्द नाही, आणि चाळणी, टिन, ओव्हन यांचा तर उल्लेखच नाही. ज्याला सिलिअ‍ॅक हा ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार आहे त्याला अशा केकमधून त्रास होऊ शकतो आणि करून आणणाऱ्याला ते कधी कळणारही नाही. माझी विनंती एवढीच की यापुढे ग्लुटेन-फ्री म्हणून जी रेसिपी छापाल तिच्याखाली चार ओळींची एक चौकट द्या. त्या चौकटीत काय असायला हवं आणि का, ते खाली लिहितेय. पत्र लांबलंय पण या विषयात अर्धवट माहिती उपयोगाची नाही.

आमच्या टीममध्ये एक मैत्रीण आहे, तिला सिलिअ‍ॅक आहे. कुणाचाही वाढदिवस असो, प्रमोशन असो, केक येतो, सगळे टेबलाभोवती जमतात आणि ती चहाचा कप हातात धरून थोडी मागे उभी राहते. दर वेळी कुणीतरी प्रेमाने म्हणतंच, अगं एवढासा तुकडा घे, त्याने काय होतंय. ती हसून नको म्हणते. मग दुसरं कुणी म्हणतं क्रीम क्रीम खा, खालचा केक सोड. मग ती परत नको म्हणते. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं हे तिलाही माहितीये, पण आपल्याच आजाराबद्दल पुन्हा पुन्हा सगळ्यांसमोर खुलासा देत बसणं किती थकवणारं असेल याचा विचार आपण करत नाही.

आणि एवढासा तुकडा खरंच चालत नाही. सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नाही, हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. त्या अस्तरावर व्हिलाय नावाचे अगदी बारीक उंचवटे असतात, अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं सगळं त्यांच्यामार्फत शोषलं जातं, ते उंचवटे झिजून सपाट होतात. मग जेवण कितीही चांगलं असलं तरी अंगी लागत नाही, हिमोग्लोबिन वाढत नाही, हाडं ठिसूळ होतात, थकवा जात नाही. जगात साधारण १०० माणसांमागे एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला तो आहे हे माहितीच नसतं. यावर अजून औषध नाही, आयुष्यभर ग्लुटेन पूर्ण बंद करणं हाच उपाय.

सगळ्यात घात कुठे होतो तर त्रास लगेच दिसत नाही तिथे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला काही मिनिटांत सूज येते, श्वास अडकतो, सगळ्यांना समोर दिसतं. सिलिअ‍ॅकमध्ये कुणाला काही तासांनी पोटात कळा येतात, कुणाला दुसऱ्या दिवशी जुलाब, कुणाला तोंड येतं, आणि काही जणांना वरवर काहीच होत नाही पण आत नुकसान चालूच असतं. म्हणून मागच्या वेळी खाल्ला होतास की, काही झालं नव्हतं, हे वाक्य कृपा करून कुणी कुणाला म्हणू नये. काही झालं की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळत नाही, ते आतड्याच्या बायोप्सीत आणि रक्ताच्या तपासणीत कळतं.

हे गव्हामुळे होतं हेही तसं उशिराच कळलं. सॅम्युअल गी नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं आणि उपाय आहारातच सापडेल असंही त्यांना वाटत होतं, पण आहारातलं नेमकं काय ते त्यांना सापडलं नाही. पुढे केळ्यांवर ठेवलेली मुलं सुधारतात असं दिसलं आणि बरीच वर्षं केळ्यांचंच पथ्य चाललं, खरं तर केळ्यात औषध काही नव्हतं, त्या पथ्यात पाव नव्हता. विलेम-कारेल डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ, त्यांना गव्हाचा संशय महायुद्धाच्या आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि बाकी सगळे खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत मिळायला लागल्यावर पुन्हा आजारी पडली. डिकेंनी १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला आणि तिथून गहू, राय (गव्हासारखंच एक धान्य) आणि बार्ली बंद हा नियम पक्का झाला. एवढ्या मुलांच्या हालातून हाती आलेली माहिती आहे ही, ती आपण थोडंसं चालतं म्हणून उडवून लावतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

थोडंसं म्हणजे किती ते आकड्यातच बघा. कोडेक्स ही अन्नाच्या दर्जाचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या मानकाप्रमाणे ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर एक किलो पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं आणि बऱ्याच देशांनी हीच मर्यादा घेतलीय. आता मैद्यात ढोबळमानाने आठ ते दहा टक्के ग्लुटेन असतं, म्हणजे एक ग्रॅम मैद्यात ८० ते १०० मिलिग्रॅम. त्या हिशोबाने एक किलोच्या अख्ख्या केकमध्ये पाव ग्रॅम मैदा पडला की केक मर्यादेच्या बाहेर गेला. सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्यात अडीच-तीन ग्रॅम मैदा मावतो, म्हणजे त्या चमच्याचा दहावा भाग. टिनला बटर लावून वर मैदा भुरभुरवायची जी सवय आपल्या हाताला असते त्यात याच्या कितीतरी पट मैदा जातो! पीठ बदललं, केक बदामाचा केला, आणि टिनला मात्र सवयीने मैदा लावला तर सगळं मुसळ केरात.

आता स्वयंपाकघरात या.

सगळ्यात आधी चाळणी. मैद्याची चाळणी उजेडात धरून नीट बघा, जाळी जिथे कडेच्या पट्टीत बसवलेली असते तिथे पांढरी रेघ दिसते, ती मैद्याची असते आणि कितीही घासली तरी पूर्ण जात नाही. त्या चाळणीतून तांदळाचं पीठ चाळलं की तो मैदा त्यात उतरला. त्यामुळे चाळणी वेगळीच हवी, आणि नसेल तर चाळूच नका, व्हिस्कने पीठ मोकळं करून घ्या, चालतं. लाकडी चमचा आणि लाटणं यांच्या बारीक भेगांत पीठ बसतं म्हणून ते नको, स्टीलचा किंवा सिलिकॉनचा चमचा घ्या. स्टीलची आणि काचेची भांडी साबणाने स्वच्छ घासली की पुरतं, त्यासाठी नवीन भांडी आणायची गरज नाही, फक्त घासायची काथ्या किंवा स्पंज नवा घ्या कारण जुन्या स्पंजमध्ये कणकेचे कण अडकलेले असतात. जुन्या केक टिनच्या कोपऱ्यात जळून चिकटलेला थर असतो, तिथे तळाला आणि कडेला बेकिंग पेपर लावा. केक गार करायच्या जाळीवर मागच्या वेळचा चुरा असतो, ती पण घासा.

मग डबे. साखरेच्या डब्यात मैद्याचा कप बुडवला गेलेला असतो, घरात कुणी ना कुणी हे करतंच. बटरच्या पॅकेटमध्ये पावाचा चुरा असतो कारण पावाला लावलेली सुरी परत बटरमध्ये गेलेली असते. जॅमचंही तेच. म्हणून या केकसाठी साखर, बटर, कोको नवीन पॅकेट फोडून घ्यावं, आणि पॅकेट फोडलं की आधी केकपुरतं बाजूला काढून मग बाकीचं डब्यात भरावं. त्या दिवशी घरात आधी मैदा किंवा कणीक चाळलेली नको, कारण पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ तरंगत राहून मग खाली ओट्यावर, भांड्यांवर बसतं. सकाळी सगळ्यात आधी, ओटा ओल्या फडक्याने पुसून, केक करणं हे सगळ्यात सोपं. ओव्हनमध्ये एकाच वेळी दुसरा साधा केक ठेवू नका, आणि भाजताना उष्णतेने ग्लुटेन मरतं असं काही जण सांगतात ते चूक आहे, ते जंतू नाहीत, प्रोटीन आहे, भाजून ते निरुपद्रवी होत नाही.

पॅकेटवरची माहिती वाचणं हे तर लागतंच. बेकिंग पावडरमध्ये स्टार्च घातलेला असतो, बहुतेक वेळा मक्याचा, पण काही कंपन्या गव्हाचा घालतात. कॉर्नफ्लोर म्हणजे मक्याचंच असं आपण धरून चालतो पण काही देशांत गव्हापासून केलेला स्टार्चही त्या नावाने मिळतो. काही चॉकलेटमध्ये माल्ट असतं, माल्ट म्हणजे बहुतेक वेळा बार्ली, आणि कुरकुरीत तुकडे असलेल्या चॉकलेटमध्ये वेफर किंवा बिस्किट. वर टाकायचे रंगीत दाणे, तयार आयसिंग, कस्टर्ड पावडर, सगळ्याच्या मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. रवा गव्हाचाच असतो, हे मी मुद्दाम लिहितेय कारण मैदा चालत नाही म्हणून रव्याचा केक आणलाय असं म्हणणारी माणसं भेटतात आणि ती अगदी प्रेमाने म्हणत असतात.

आणि ओट्स, ज्यावरून हे पत्र सुरू झालं. ओट्समध्ये स्वतःचं गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पण शेतात, ट्रकमध्ये, गिरणीत ते गहू आणि बार्लीच्या सोबतच असतात त्यामुळे साध्या पॅकेटमधले ओट्स सिलिअ‍ॅकवाल्यांना चालत नाहीत. ग्लुटेन-फ्री म्हणून वेगळे पिकवलेले किंवा निवडून तपासलेले ओट्स मिळतात, ते बहुतेकांना चालतात, पण थोड्या जणांना तेही सोसत नाहीत कारण ओट्समधल्या अ‍ॅव्हेनिन या प्रोटीनचाही त्यांना त्रास होतो. म्हणून मला विचाराल तर ऑफिसच्या केकमध्ये ओट्स घालूच नयेत, इतर पर्याय असताना ही जोखीम कशाला.

इतकं वाचून कुणाला वाटेल की हे आपल्याच्याने होणार नाही. तर असं अजिबात नाही, उलट ग्लुटेनशिवाय करायच्या बेकिंगमध्ये केक हा सगळ्यात सोपा प्रकार आहे. पाव करणं खरंच अवघड, कारण पावाचा सगळा डोलारा ग्लुटेनवर उभा असतो, मळल्यावर त्याची जी लवचिक जाळी तयार होते तीच यीस्टचा गॅस धरून ठेवते. केकमध्ये उलटी गोष्ट आहे. केकचं पीठ जास्त फेटू नका असं प्रत्येक रेसिपीत लिहिलेलं असतं ते का, तर ग्लुटेन तयार होऊन केक चिवट होऊ नये म्हणून. केकसाठी मुद्दाम कमी प्रोटीनचा मैदा वापरतात तोही त्याचसाठी. केकला आकार देतात ती अंडी आणि स्टार्च, म्हणजे मैदा काढून घेतला तरी जे काम राहतं ते बऱ्यापैकी अंड्यांकडून होतं. त्यात तांदळाच्या पिठाचा केक फेटून चिवट होण्याची भीतीच नाही.

तांदळाच्या पिठाचा केक करायचा असेल तर दोन भाग बारीक तांदळाचं पीठ आणि एक भाग कॉर्नफ्लोर किंवा टॅपिओका स्टार्च, हे मिश्रण बरं पडतं. नुसतं तांदळाचं पीठ घेतलं तर केक खाताना दाताखाली रेतीसारखं कचकच लागतं, ते टाळायला मिश्रण कालवून अर्धा तास ठेवून द्यायचं, पीठ पाणी पिऊन मऊ होतं, मग बेकिंग पावडर शेवटी घालून लगेच टिनमध्ये ओतायचं. केकचा चुरा होऊ नये म्हणून कपभर पिठाला पाव चमचा झँथन गम पुरतो. तो मिळाला नाही तर इसबगोलाचा भुसाही थोडासा घालता येतो. कपाने मोजू नका, वजन करा, कारण प्रत्येक पिठाचा एक कप वेगळ्या वजनाचा भरतो आणि केक बिघडतो तो बहुतेक तिथेच.

पण या केकची एक अडचण अशी की तो दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, स्टार्च जास्त असलं की असं होतंच, आणि ऑफिसला न्यायचा केक आपण आदल्या रात्रीच करतो. म्हणून माझं मत बदामाच्या केकला. दोन मध्यम संत्री अख्खी, सालासकट, पाण्यात बुडवून मंद आचेवर साधारण दोन तास उकडायची, सुरी सहज आत जायला हवी. गार झाली की कापून बिया काढायच्या, एकही बी राहू द्यायची नाही कारण ती कडू लागते, आणि सालासकट मिक्सरमधून अगदी मऊ वाटून घ्यायची. सहा अंडी आणि २५० ग्रॅम साखर फेटायची, त्यात २५० ग्रॅम बदामाची पूड, एक चमचा तपासून घेतलेली बेकिंग पावडर आणि संत्र्याचा गर घालून हलक्या हाताने कालवायचं. तेवीस सेंटिमीटरचा टिन, आत बेकिंग पेपर, १८० अंशांवर तासभर. चाळीस मिनिटांनी एकदा बघा, वरून जास्त लाल व्हायला लागला तर फॉइल झाका. सुरी घालून काढल्यावर ओलसर कण चिकटले तरी चालेल, कच्चं पीठ चिकटता कामा नये. टिनमध्येच पूर्ण गार करायचा, गरम असताना काढला तर मोडतो. ना मैदा, ना बटर, ना कुठला गम, आणि हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, ओलावा सगळीकडे मुरतो, सालीचा किंचित कडवटपणा गोडाला धरून राहतो. ज्यांना ग्लुटेनशी काही देणंघेणं नाही तेही दुसरा तुकडा मागतात.

बदामाची पूड मात्र बंद पॅकेटमधली, ग्लुटेन-फ्री लिहिलेली घ्या किंवा अख्खे बदाम आणून स्वच्छ मिक्सरमध्ये दळा, सुट्टी पूड ज्या यंत्रात दळलेली असते त्यात आधी काय दळलं ते कुणी सांगू शकत नाही. आणि बदाम वापरणार असाल तर ऑफिसात कुणाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी विचारा, अंडं न खाणारे किती आहेत तेही विचारा. एकाला सामावून घेताना दुसऱ्याला बाहेर ठेवायचं नाही. कुणाला सुकामेवा चालत नसेल तर तांदळाचा केक करा आणि सकाळी लवकर उठून करा.

आता सगळ्यांसाठी एकच केक करायचा की तिच्यासाठी छोटा वेगळा, यावर आमच्या ऑफिसात बरीच चर्चा झाली. माझं मत ठाम आहे की एकच करावा आणि तो सगळ्यांनी खावा. छोटा वेगळा केक डब्यात घालून तिच्या हातात दिला की ती परत एकटीच पडते, सगळे एक खातायत आणि ती आपला डबा उघडून वेगळं काहीतरी, पेशंटसारखं. शिवाय शेजारी साधा केक असला की सुरी एकच फिरते, चुरा इकडून तिकडे उडतो, कुणीतरी दोन्ही केक एकाच प्लेटमध्ये घेतं. एकच केक असला की हा प्रश्नच उरत नाही. पण काही वेळा बेकरीचा केक आधीच मागवलेला असतो, तेव्हा ग्लुटेन-फ्री केक वेगळ्या टेबलावर, झाकून, स्वतःच्या सुरीसकट ठेवावा आणि सुरी घरून धुऊन, कागदात गुंडाळून आणावी. ऑफिसच्या पॅन्ट्रीतल्या सुरीने सकाळीच कुणीतरी सँडविच कापलेलं असतं. आणि तिचा तुकडा सगळ्यात आधी काढावा.

आजकाल बाहेर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं खूप मिळतं आणि वजन कमी होईल म्हणून घेणारेही खूप आहेत. त्यांना हवं ते त्यांनी खावं, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक तर ग्लुटेन-फ्री केक हा काही हलका पदार्थ नाही, साखर तेवढीच असते आणि स्टार्च जास्त असेल तर फायबर उलट कमीच. दुसरं जास्त महत्त्वाचं, आपल्याला सिलिअ‍ॅक असेल अशी शंका असेल तर तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. रक्ताची टीटीजी नावाची तपासणी करतात ती अंगात तयार झालेल्या अँटिबॉडी मोजते, काही आठवडे-महिने गहू बंद असला की त्या कमी होतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग डॉक्टर परत गहू सुरू करायला सांगतात, आणि ज्याला आजार आहे त्याच्यासाठी ते आठवडे फार त्रासाचे असतात. आधी तपासणी, मग पथ्य, हे सुद्धा त्या चौकटीत जरूर लिहा.

आणि जो केक करणार आहे त्याने गुपचूप सरप्राइज म्हणून करू नये. मला माहितीये की सरप्राइज देण्यात मजा असते, पण सिलिअ‍ॅक असलेल्या माणसासमोर अचानक केक ठेवला आणि सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले की तिच्यापुढे दोनच रस्ते उरतात, शंका असताना खायचं किंवा एवढ्या कष्टांना सगळ्यांदेखत नाही म्हणायचं. त्यापेक्षा दोन दिवस आधी बाजूला घेऊन विचारावं की मी असा असा केक करायचं म्हणतेय, तुला चालेल का, काय काय सांभाळू. तिला तिच्या शरीराची आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. आमच्या मैत्रिणीने मला सगळ्यात आधी विचारलं ते चाळणीबद्दल, मी वर जे लिहिलंय त्यातलं कितीतरी तिनेच सांगितलेलं आहे. आणि तरीही ती नको म्हणाली तर नको. कुणाच्याही घरच्या स्वयंपाकघरातलं काहीच खायचं नाही असं ठरवलेले सिलिअ‍ॅकवाले असतात, त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी तसं सांगितलेलं असू शकतं किंवा आधी वाईट अनुभव आलेला असतो, त्यात आपला अपमान काही नाही. अशा वेळी बंद पॅकेटमधलं, ग्लुटेन-फ्री असं नीट छापलेलं काहीतरी तिच्या पसंतीने आणावं आणि ते सगळ्यांनी मिळून खावं.

मी आता केक करायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पॅकेटच्या मागच्या बाजूचे फोटो काढून तिला मोबाइलवर पाठवते, ती वाचते, एखादं बदलायला सांगते, मी बदलते. ऑफिसात केकच्या डब्यावर कागद चिकटवते, त्यावर सगळे घटक आणि शेजारी सुरी याच केकची आहे असं मोठ्या अक्षरात. ती पहिला तुकडा घेते आणि घरी न्यायला अजून एक बाजूला काढून ठेवते, मग बाकीचे येतात.

आपली,
पुरवणीची नियमित वाचक